आडवी रेघ

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन करता आला असता, पण फोनवर बोललेलं हवेत जातं आणि कागदावरचं राहतं, हे माझं मत तुला तोंडपाठ आहे. शिवाय आज जे घडलं ते मोठ्याने बोलायची लाज वाटते.

दुपारी पालिकेचा शिपाई दुकानात कागद देऊन गेला. मी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात होतो. वाटलं, मनोऱ्यावरच्या घड्याळाचं तेल मंजूर झालं असेल. कागद वाचला आणि भिंग काढून ठेवलं. मनोऱ्यावर चढून दर आठवड्याला किल्ली देणारा माणूस साठीच्या पुढचा असेल तर त्याने म्हणे तंदुरुस्तीची परीक्षा द्यायची. वीस मिनिटांत दोन किलोमीटर चालायचं आणि लगेच एकशे चौऱ्याण्णव पायऱ्या चढायच्या, वाटेत दमून बसायचं नाही. मुदत तीन महिन्यांची. नापास झालो तर घड्याळाला विजेची मोटार बसणार.

एकतीस वर्षं ते घड्याळ मी अर्ध्या मिनिटावर चुकू दिलेलं नाही. सगळं गाव त्याच्यावर शाळेत जातं आणि कामावरून सुटतं. आणि खरं सांगू? गेलं वर्षभर मी मनोऱ्यात चार-चार वेळा बसतो. आत कोण बघतंय म्हणून निभावलं.

तू पळणाऱ्यांना दम टिकवायला शिकवतेस. मामाला शिकवशील का? मामीला सांगितलं तर ती आधी हसली, मग चहा ठेवायला उठली. गेली काही वर्षं तिचं काही कळत नाही. चहासुद्धा अर्धाच कप देते. मी विचारलं, कुठे युद्ध सुरू झालंय का, तर म्हणाली, हवा तर दुसऱ्यांदा घ्या.

तुझ्या कामात आम्हा म्हाताऱ्यांसाठी वेळ असेल तर उत्तर लिही. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा मामा

---

दि. ९ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी खुर्चीतून उठलेच. चार वेळा बसता? आणि वर्षभर हे कुणालाच माहीत नाही? मामा, तुम्ही कमाल करता. गिऱ्हाइकाचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडलं तर तुमच्या जिवाला घोर लागतो, आणि स्वतःचा दम मागे पडतोय त्याची खबर नाही.

घाबरू नका. तीन महिने पुष्कळ आहेत. पण आंधळेपणाने चालत सुटायचं नाही. किती जोर लावायचा हे आधी ठरवायचं, आणि तो जोर मोजायचं यंत्र तुमच्याच मनगटात आहे. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट, लागोपाठ तीन दिवस. सोबतचा छापील तक्ता भरून पाठवा. आमच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या माणसाकडून हाच भरून घेतो. तपासून घेण्यासाठी डॉक्टरांकडेही एकदा जाऊन या.

अर्ध्या कपाबद्दल मी मामीच्या बाजूने आहे. तुम्ही दिवसाला सात कप पिता.

मामीला नमस्कार. तुमची मर्जी आमच्यावर अशीच असू द्या.

ठमी

---

दि. १५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

तक्ता भरला. छापील कागद खाली लावतोच आहे, पण तुझ्यासाठी इथेही उतरवतो. वय बासष्ट. छातीत दुखणं, नाही. चक्कर, नाही. सांधेदुखी, उजवा गुडघा, पायऱ्या उतरताना. धूम्रपान, नाही. हृदयाचं किंवा रक्तदाबाचं औषध, —. सकाळची नाडी तिन्ही दिवस बावन्न. माझ्या थांबघड्याळावर मोजली आहे, तेव्हा शंका घेऊ नकोस.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ थोपटली आणि चाला म्हणाले. स्वतःचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं ते वेगळंच.

मामी विचारते, ठमी लग्नाचं कधी मनावर घेणार. मी तिला म्हटलं, तिच्या तक्त्यात तो रकाना नाही.

कळावे. आठवण ठेवतेस, आणखी काय पाहिजे.

मामा

---

दि. २० फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

बावन्न? मी तीनदा वाचलं. मामा, आमच्याकडे रोज पंधरा किलोमीटर पळणाऱ्या पोरींची सकाळची नाडी बावन्न असते. मी केंद्रभर तक्ता नाचवला. बासष्ट वर्षांचा माणूस, दिवसभर स्टुलावर बसून भिंगातून बघणारा, आणि हृदय पळणाऱ्याचं. माझे सर म्हणाले, तुझ्या मामांना इथेच बोलावून घे.

आता हिशेब सांगते, तुम्हाला आवडेल. दोनशे वीसमधून वय वजा केलं की नाडीचा साधारण वरचा आकडा मिळतो. तुमचा एकशे अठ्ठावन्न. त्यातून सकाळचे बावन्न काढले की एकशे सहा उरतात, म्हणजे नाडीला चढायला एवढी जागा आहे. सुरुवातीला तिच्यातली निम्मी ते साठ टक्के वापरायची. ते बावन्नात परत मिळवले की एकशे पाच ते एकशे सोळा. तुमचं चालणं या दोन आकड्यांच्या मध्ये राहिलं पाहिजे. खाली राहिलं तर फायदा नाही, वर गेलं तर दमछाक.

आठवड्यातून पाच दिवस. पहिली पाच मिनिटं रमतगमत, मग पंधरा मिनिटं नेमाने, शेवटची पाच पुन्हा सावकाश. दर आठवड्याला मधली वेळ तीन मिनिटांनी वाढवायची. एकदम थांबायचं नाही. रोजच्या नोंदीचा कागद सोबत आहे. त्यात तीन रकाने आहेत: वेळ, नाडी, आणि चालताना बोलता येतं का. गप्पा मारता आल्या पाहिजेत, गाणं म्हणता येऊ नये, असा तो जोर हवा. तुम्हाला गाणं तसंही येत नाही, तेव्हा तेवढं सोपं जाईल.

तुमची, आणि आता केंद्रभर मिरवणारी,
ठमी

---

दि. १२ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तीन आठवड्यांची नोंद सोबत आहे. बघून तुला धक्का बसेल, मला तर रोज बसतो. वेळ पाळली, दिवस एकही चुकवला नाही, पण नाडी काही केल्या वर जात नाही. तुझा आकडा एकशे पाच, माझी नाडी ब्याऐंशी. चाल वाढवली, ब्याऐंशीची अठ्ठ्याऐंशी झाली. कालव्याच्या कडेचा चढ धरला तेव्हा कशीबशी ब्याण्णव. मी घामाने निथळतोय, पाय भरून येतात, आणि मनगटात मात्र सगळं निवांत. असं सुस्त यंत्र माझ्याकडे गिऱ्हाइकाने आणलं असतं तर मी उघडूनच पाहिलं असतं.

तिसऱ्या रकान्यात रेघ मारली आहे. मी एकटाच चालतो, बोलणार कुणाशी? मामीला चल म्हणालो नाही. तिच्यासमोर धापा टाकायच्या म्हणजे नको वाटतं.

परीक्षा सात आठवड्यांवर आली. आता काय करू ते लिही. मामा तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही.

मामा

---

दि. १८ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न.

घाईत लिहिते, क्षमा असावी. शर्यती आठवड्यावर आल्यात आणि माझ्या दोन मुलींचे पाय दुखावलेत. नोंद पाहिली. तुमचं हृदय इतकं तयारीचं आहे की साध्या चालण्याने त्याला जागच येत नाही. जोर वाढवा. चढ धरलात ते उत्तम, आता आठवड्यातून दोनदा पायऱ्या घ्या. आकडा गाठेपर्यंत हळूहळू वाढवत न्या. बोलण्याच्या रकान्यात तक्रार दिसत नाही, तेव्हा काळजी नाही.

शर्यती संपल्या की सविस्तर लिहीन. मामीला सांगा, लग्नाचं अजून मनावर घेतलेलं नाही.

ठमी

---

दि. २ एप्रिल

चि. ठमे,
आशीर्वाद, आणि आज थोडी फुशारकी.

गाठला. एकशे पाच. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून मनोरा लागोपाठ दोनदा चढलो, दुसऱ्या खेपेला जवळजवळ पळत. वर पोचल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि घड्याळाचा लंबक दोन-दोन दिसू लागला, पण मनगट धरून पंधरा सेकंद मोजली. सव्वीस आणि एक अर्धवट. गुणिले चार. मी तिथे जमिनीवर बसून हसलो. रविवारी पुन्हा करणार आहे, पिशवीत वजन थोडं वाढवून.

तिसरा रकाना नेहमीसारखाच. कळावे, कौतुक व्हावे.

मामा

---

दि. ७ एप्रिल

चि. ठमीस,
मामीचे आशीर्वाद.

परवा फोनवर मला धड बोलता आलं नाही. तुला काय ऐकू आलं आणि काय नाही देव जाणे, म्हणून लिहिते.

रविवारी सकाळी हे मनोऱ्यावर गेले. नऊचे ठोके पडले ते मी ओट्याशी ऐकले. दहाचे पडले तरी पत्ता नाही. मनोऱ्याखालचा फूलवाला घरी आला आणि म्हणाला, बाई, दार उघडं आहे आणि हाक मारली तर उत्तर नाही. कशी गेले मला आठवत नाही. एकशे दहाव्या पायरीजवळच्या सपाटीवर हे पडलेले होते, कपाळातून रक्त, डावा हात अंगाखाली. पांढरेफटक. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. शुद्ध आली. कपाळाला पाच टाके, डावं मनगट मोडलंय. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, नळ्या लावल्या आणि मला विचारलं की हे कुठली गोळी घेतात. मी छातीठोक सांगितलं, कुठलीच नाही. त्या म्हणाल्या, नीट शोधा. दुकानात गेले. जुन्या काट्यांच्या खणात काट्यांच्या खाली सहा रिकामी पाकिटं आणि एक अर्धं भरलेलं. चार वर्षांपासूनच्या चिठ्ठ्या, शेजारच्या शहरातल्या डॉक्टरांच्या. हात कापतात त्याच्यावरची गोळी आहे ती. बाई म्हणाल्या, हीच गोळी हृदयाला लगाम घालते. ही घेणाऱ्याची नाडी सहसा वर जात नाही, कितीही ऊर फोडून घेतला तरी. आणि ऊर फोडून हे एकदम थांबले, म्हणून भोवळ आली.

मी त्या खणासमोर किती वेळ उभी होते मला माहीत नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यापासून गोळ्या लपवाव्यात.

तुला बोल लावत नाही. पण तू विचारलं होतंस ना गं, औषधाचं? यांनी तुला काय सांगितलं?

मामी

---

दि. ११ एप्रिल

प्रिय मामी,
तुला नमस्कार, आणि मामांनाही वाचून दाखव.

मामांचं काजव्यांचं पत्र आणि तुझा फोन एकाच दिवशी आले. पत्र वाचून मी ओरडून थांबवणार होते, तोवर फोनवर तू रडत होतीस. तेव्हापासून मी नीट जेवलेली नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तक्ता पुन्हा काढला. छातीत दुखणं, नाही. चक्कर, नाही. धूम्रपान, नाही. औषध, आडवी रेघ. मामी, इतर सगळीकडे त्यांनी अक्षरांत ‘नाही’ असं लिहिलंय. एकाच ठिकाणी रेघ आहे. आमच्याकडे माणसं कंटाळली की रेघ मारतात, आणि आम्ही ती ‘नाही’ म्हणून वाचतो. मीही तशीच वाचली. मग मला मामांच्या दुकानातली पावती आठवली. लहानपणी मीच ती भरायला बसायचे. काच, पट्टा, किल्ली, यंत्र. एकदा यंत्रापुढे मी रेघ मारली तर मामा म्हणाले होते, तपासलं असेल तर चांगलं की वाईट ते लिही, रेघ म्हणजे अजून उघडून पाहिलेलं नाही. हे मला आठवायला मनोऱ्यावर रक्त सांडावं लागलं.

बोलता येतं का, त्या रकान्यातही सहा आठवडे रेघच होती, आणि मी लिहिलं की तक्रार दिसत नाही. बावन्नचा आकडा पाहून शंका यायला हवी होती, ते सोडून मी केंद्रभर नाचले. नाडी चढत नाही म्हणाले तेव्हा जोर वाढवा म्हटलं. त्यांना त्या पायऱ्यांवर मी चढवलं. माझं हे शिकलेलं सगळं काय कामाचं, असं वाटतं. सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला.

रविवारी मी येते आहे.

तुझी ठमी

---

दि. २१ एप्रिल

चि. ठमीस,
पडेल मामाचे आशीर्वाद.

तू येऊन गेलीस, पायाशी बसून रडलीस, आणि मी नुसता हं हं करत राहिलो. तोंडाने जमलं नाही ते लिहितो. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजवा कापतोय. डॉक्टरीणबाईंनी गोळी एकदम न तोडता थोडी थोडी कमी केली आहे. अक्षर बघून दचकू नकोस, आता हेच माझं अक्षर.

तुझी चूक नाही. तू रेघ बरोबर वाचली असतीस तर मला विचारलं असतंस, आणि मी तेच नको म्हणून रेघ मारली होती. तुझ्याशी खोटं लिहिवेना, खरं लिहायची छाती नव्हती. गोळी हृदयाची आहे हे मला खरोखर माहीत नव्हतं, माझ्या लेखी ती हातांची होती. पण माहीत नव्हतं तर सरळ ‘नाही’ असं लिहायचं होतं. म्हणजे मनात कुठेतरी पाल चुकचुकली होतीच.

हात कापणाऱ्या घड्याळजीकडे घड्याळ कोण देईल गं? पालिकेने वैद्यकीय दाखला पाहून जूनअखेरपर्यंत मुदत दिली आहे. मला आता त्याचीही हौस राहिलेली नाही.

मामा

---

दि. २६ एप्रिल

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हौस नाही हे मी वाचलंच नाही असं समजा. डॉक्टरीणबाईंशी फोनवर सविस्तर बोलले. त्यांच्या परवानगीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, आणि त्यांनी महिन्याभराने चालायला हरकत नाही म्हटलंय.

जुना हिशेब फाडून टाका. नाडीचे आकडे तुम्हाला लागू नाहीत. आता एकच रकाना: बोलता येतं का. त्यात रेघ चालणार नाही, आणि ती नोंद तुम्ही नाही, मामी लिहील. ती बरोबर चालेल आणि प्रश्न विचारेल. तुम्ही पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. हं चालणार नाही. वाक्य मध्ये तुटलं की चाल कमी करायची. पायऱ्यांवरही हाच नियम.

मामीला मी वेगळं लिहिलं आहे. ती फोनवर म्हणाली, बत्तीस वर्षांचे प्रश्न साठलेत, पुरून उरतील.

तुमची मर्जी असू द्या, मला तिची फार गरज आहे.

ठमी

---

दि. ३० जून

चि. ठमीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

काल परीक्षा झाली. सगळं क्रमाने सांगतो, कारण मी अजून सावरलेलो नाही.

दोन किलोमीटर एकोणीस मिनिटांत झाले. पालिकेचे अभियंता थांबघड्याळ घेऊन सायकलवर, आणि मामी माझ्या बाजूला. तिने वाटभर विचारलं, मी वाटभर उत्तरं दिली. गेल्या महिनाभरात मी जितकं बोललो तितकं लग्नापासून बोललो नसेन. मग मनोरा. अभियंता मागून चढत होते.

एकशे दहाव्या पायरीजवळ, मी पडलो होतो तिथे, मामीने विचारलं की चार वर्षं माझ्यापासून का लपवलंत. हा प्रश्न तिने तोवर एकदाही विचारला नव्हता. ठमे, त्या क्षणी मला दम लागला असता तर किती बरं झालं असतं. पण तू आखलेलं चालणं असं की छाती अगदी जागेवर होती. सबब नव्हती. मग चढता चढता पूर्ण वाक्यात सांगितलं. म्हटलं, तुझ्या वडिलांनी माझे हात बघून मुलगी दिली, म्हणाले होते की या हातांत काही बिघडणार नाही. हातच गेले तर तुझ्यापुढे मी कोण, ही भीती वाटली.

ती दोन पायऱ्या चढली. मग म्हणाली, हात कापतात हे मला ते कापायला लागले त्या वर्षापासून माहीत आहे. गोळ्या माहीत नव्हत्या. कप पूर्ण भरला की तुमच्या हातून सांडायचा, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघितल्यासारखं करायचात. म्हणून मी अर्धा द्यायला लागले.

मी बसलो. तिथेच, पायरीवर. परीक्षा, पालिका, मोटार, काही आठवलं नाही. चार वर्षं त्या अर्ध्या कपावरून मी या बाईला कंजूष म्हणून चिडवत होतो. तिला काय काय म्हणालो ते लिहीत नाही, पण बराच वेळ बोलत होतो. मध्ये मान वळवून पाहिलं तर चार पायऱ्या खाली अभियंताही बसलेले, धापा टाकत. त्यांच्या कागदावर रकाना होता, वाटेत बसले का. त्यांनी पेन रेघेसाठी टेकवलं ते मी पाहिलं. म्हटलं, साहेब, रेघ मारू नका, बसलो ते लिहा. त्यांनी लिहिलं, बसले, पण दमून नव्हे. बसल्यावर सलग सहा मिनिटे बोलत होते. मग उरलेल्या पायऱ्या आम्ही न थांबता चढलो, आणि मामीने माझ्या हातावर हात ठेवून घड्याळाला किल्ली दिली.

संध्याकाळी निरोप आला. मोटार बसणार नाही. किल्ली माझ्याकडे राहील, मात्र वर जाताना सोबत माणूस हवा. मामीने तिथल्या तिथे स्वतःचं नाव लिहून दिलं.

दुकानात आता मोठी घड्याळंच घेतो. बारीक काम आलं की सांगून टाकतो, हात कापतात, जमणार नाही. एकजण नुसता बघत राहिला, दुसऱ्याने भिंतीवरचं घड्याळ आणून दिलं.

तुझा तक्ता सोबत आहे. रेघ एकही नाही, बघून घे.

आज सकाळी मामीने कप काठोकाठ भरून दिला. निम्मा बशीत सांडला. मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. बशीतला ती प्यायली, कपातला मी.

लोभ आहेच, आता तो शब्दांत सांगायची सवय लागली आहे.

तुझा मामा